काठोकाठ

सापारबेक आगायने (शिक्षकाला आम्ही किरगीझ आगाय म्हणतो) जन्मभर आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि स्वतः नारीन शहराच्या पुढे कधी पाऊल टाकलं नाही. तरी जगातलं सगळं त्यालाच कळायचं. निवृत्त झाल्यावर ऐकायला कोणी उरेना, तेव्हा त्याने नवा उद्योग काढला. रशियातून परत आलेल्यांची पोरं सुधारायची! हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कोणाच्या दारात परतीचं सामान उतरलं, की हा डोक्यावर कल्पाक, आमची उंच नमद्याची टोपी, चढवून हजर. थेट दारासमोरच्या मानाच्या जागेवर, दोन जास्तीच्या गाद्या मागून घेऊन बसायचा. "पोराला बोलवा." पोर यायचं, घाबरायचं, रशियन बोलायचं. "वाया गेलंय," म्हणून हा सुस्कारा टाकायचा, "पण मी आहे ना." तोवर मटण शिजलेलं असायचं. मेंढीच्या शेपटीची चरबी, मानाचा घास, त्याच्याच ताटात पडायला हवी. पोरं किती सुधारली कोण जाणे, त्याचं पोट मात्र चांगलंच सुधारलं.

मागच्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ उलान मॉस्कोहून कायमचा परत आला. तिकडे तो रस्त्यावरचा बर्फ उपसायचा, त्याची बायको चोलपोन दुसऱ्यांच्या फरश्या पुसायची. मुलगी मीरिम तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली. तिला आपली भाषा समजायची, बोलताना अडखळायची. पण माझ्याशी अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असं काहीतरी बडबडायची आणि स्वतःच हसायची. माझं घर इतक्या वर्षांनी भरलं होतं.

मग आगाय आला. मीरिमने आपणहून चहा ओतला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच प्याला देतात, म्हणजे तो गरम राहतो आणि पुन्हापुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरून देतात ते नकोशा माणसाला, की बाबा, हा पी आणि ऊठ. पोरीला काय ठाऊक! तिने मोठ्या मायेने प्याला काठोकाठ भरला.

"मला घालवून देतेस?" आगाय गरजला.

"चुकलं हो, आगाय," चोलपोन धावली. "लहान आहे, शिकेल."

"अशी नाही शिकणार. ओत पुन्हा! सगळ्यांसमोर ओत!"

पोर रडत ओतत राहिली, हा "जास्त झाला", "फेक" करत राहिला. वर फर्मान सोडलं, की ती रशियन बोलली तर घरात कोणी उत्तर द्यायचं नाही. आणि माझा भाऊ, एवढा बाप्या, मान डोलावत होता. लहानपणी आगायच्या हातची छडी खाल्लेली ना!

"मुलगी तुझी आहे की त्याची?" मी उलानला विचारलं.

"एजे, आगायना कळतं त्यातलं." थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात.

"त्याला मटणातलं कळतं!"

आठवडाभरात मीरिमचं बोलणं बंद झालं. रशियन नाही, किरगीझ नाही. माझ्याशीसुद्धा नाही. आगाय खूश. "रशियन सुटलं! अर्धं काम झालं." असल्या माणसाला काय म्हणावं, मला अजून समजलेलं नाही.

"शाळा उघडेपर्यंत बोलली नाही, तर आम्ही परत जातो," उलान म्हणाला. "इथे माझी पोर मुकी होईल." मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले. त्याला थांब म्हणायला मला तोंड नव्हतं.

मी मीरिमला रोज माझ्याकडे समोवारपाशी बसवू लागले. उपदेश नाही, काही नाही. एकदा शेजारची कानिम्गुल दुपारपासून चिकटून बसली, तेव्हा मी मीरिमच्या कानात म्हटलं, "हिला भरून देऊ या का गं? पळेल बघ." पोर ओठ दाबून हसली. आवाज मात्र फुटला नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी उलानने मेंढी कापली आणि गाव जेवायला बोलावलं. सगळ्यांना वाटलं, हा निरोपच. आगाय मानाच्या जागेवर.

"आता बघा माझी विद्यार्थिनी," तो म्हणाला. "कशी तयार केलीय!"

मीरिम चहा घेऊन फिरली. प्रत्येकाला अर्धा प्याला, दोन्ही हातांनी, मान लववून. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. शेवटी ती आगायसमोर बसली आणि ओतत राहिली. चहा काठाला आला तेव्हाच थांबली.

आगाय ओढूनताणून हसला. "बघा! अजून चुकतेच."

"नाही, आगाय," मीरिम स्वच्छ किरगीझमध्ये म्हणाली. "या वेळी नाही चुकले."

चोलपोनने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबलं. उलान मुलीकडे बघतच राहिला. मी उठले, खुंटीवरचा कल्पाक काढला आणि आगायच्या हातात दिला.