हात द्यायचा प्रवेश

मी मरून पडले होते, आणि माझ्या अंगावरून दोन म्हातारे एकमेकांवर कोट्या करत होते. समोर सगळी मंडळी पोट धरून हसत होती. मेलेल्या माणसाला कुणाला गप्प बसवता येत नाही, एवढीच त्या नाटकातली माझी अडचण होती.

लढाईची वर्षं होती ती. रॉकेल मिळायची मारामार, म्हणून नाटक दुपारीच ठेवलं होतं. पुणतांब्याजवळच्या आमच्या गावात जी थोडी ख्रिस्ती घरं होती त्यांना आम्ही मंडळी म्हणायचो, आणि मंडळीचं चर्च हेच आठवडाभर शाळा असायचं. रविवारी जिथे पाळक उभे राहत तिथेच चादरींचा पडदा लावला होता. नाटक मूळचं विलायती. दोन घराण्यांचं वैर, एका घरचा मुलगा, दुसऱ्या घरची मुलगी, चोरून लग्न, विष, खंजीर, आणि शेवटी पोरांच्या प्रेतांवरून दोन्ही बाप एकमेकांना हात देतात. पण तिथवर जाईतो सगळे नुसते शब्दांशी खेळत असतात. नोकर खेळतात, दाई खेळते, पोटात तलवार गेलेला माणूससुद्धा जाता जाता एक कोटी करून जातो. मला तेव्हाही तो चावटपणा वाटला होता. आमच्या मंडळीला मात्र तेवढंच आवडलं.

आवडणारच. आमच्याकडचं वैरही असंच होतं, तोंडाळ. माझे आजोबा बायबलातल्या गोष्टींवर कीर्तन करायचे. साथीला एक पेटीवाले होते, ऊस लावणारे सुखवस्तू गृहस्थ. एका नाताळला आजोबा ऐन रंगात असताना पेटीवाल्यांनी पट्टी चढवली, आजोबांचा आवाज फाटला आणि पोरं हसली. मुद्दाम चढवली की हात चुकला, हे देवालाच ठाऊक. तेवढ्यावर दोन घरं तुटली. कुणाची जमीन गेली नव्हती, कुणाचं डोकं फुटलं नव्हतं. एक सूर हुकला आणि दोन शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना टोमणे मारत जगली. त्यालाच दोन्ही घरांत मान म्हणायचे.

या मानापायी अडकली होती माझी आत्या. पेटीवाल्यांचा पुतण्या कोपरगावला इंग्रजी शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरला आत्या हवी होती आणि आत्याला मास्तर. पण आमच्या मंडळीत एक रीत होती. भांडलेल्या माणसांनी सगळ्यांसमोर उभं राहून एकमेकांना हात द्यायचा, पाळकांनी प्रार्थना करायची, की भांडण संपलं. मग ते पुन्हा उकरायची कुणाची छाती नव्हती. पण हात दिला नाही तोवर त्या दोन घरांमधल्या लग्नाची चर्चमध्ये पुकार, म्हणजे रविवारची जाहीर घोषणा, व्हायची नाही, आणि पुकार नाही म्हणजे लग्न नाही. आत्याच्या बरोबरीच्या मुलींची पोरं शाळेत जाऊ लागली होती. ती मात्र दर रविवारी पुकार ऐकायची, दुसऱ्यांची.

नाटकाची युक्ती मास्तरची. त्यानंच ते मराठीत आणलं, आणि मराठीत आणताना त्यात स्वतःच्या शंभर कोट्या कोंबल्या, कारण कोटी केल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा मागता येत नसे. मुलीच्या बापाचं काम आजोबांना, मुलाच्या बापाचं पेटीवाल्यांना. मुलगी मी, मुलगा माझ्याच वर्गातली एक उंच मुलगी, कोळशाच्या मिशा काढलेली. पाळकांना मास्तरनं आधीच विचारून ठेवलं होतं. मंडळीसमोर दिलेला हात तो दिलेला हात, मग अंगावर कपडे कुठलेही असोत, असं पाळक म्हणाले. शेवटचा हात पडला की ते तिथेच उठून प्रार्थना करणार होते. हे आत्यानं मला सांगितलं तेव्हा ती माझ्या पोशाखाला किनार लावत होती, आणि सुई दोनदा बोटात गेली तरी ती हसत होती.

दोघा म्हाताऱ्यांना तयार करायला कष्ट पडले नाहीत. एकाला सांगितलं की दुसऱ्याची वाक्यं जास्त आहेत, दुसऱ्यालाही तेच. दोघंही दुसऱ्या दिवशी पाठ करून हजर. तालमीत शेवटच्या प्रवेशाला मात्र दोघंही हात मागे बांधून उभे राहत आणि 'ते त्या दिवशी' म्हणत. मास्तरला यात काही वावगं दिसलं नाही. तो नव्या कोट्या लिहीत बसला होता.

नाटकाच्या दिवशी लोणी, राहात्याकडून बैलगाड्या आल्या. कोट्यांना टाळ्या पडत होत्या, प्रेमाला जांभया. मी खंजीर मारून घेतला आणि बाकावर पडले. शेजारी मिशावाली आधीच मेलेली. दोन्ही बाप आले, रडले, चांगले रडले. पेटीवाल्यांनी हात पुढे केला. आजोबांचाही हात निघाला. मी पापण्यांच्या फटीतून पाहत होते, दोन बोटांचं अंतर उरलं असेल.

आणि पाळक उठले. घाई झाली त्यांना. बायबल छातीशी धरून उभे राहिले आणि डोळे मिटले. आजोबांनी ते पाहिलं आणि क्षणात सगळं ओळखलं. हात मागे गेला. मग त्यांनी मंडळीकडे वळून, नाटकात नव्हतं ते वाक्य टाकलं.

"हात देतो, पण आधी सांगा, ही पेटी ऐकून माणसाला ती दुसरी पेटीच का आठवते, मातीत पुरायची?"

चर्च हसण्यानं दणाणलं. पेटीवाले गोरेमोरे झाले. हात अजून तसाच पुढे होता, आणि अजून वेळ गेली नव्हती. ते तसेच उभे राहिले असते तर आजोबांनाच लाजून पुढं यावं लागलं असतं, असं मला आजही वाटतं.

पडद्याआड डाव्या बाजूला आत्या दोरी धरून उभी होती. तिच्याजवळच मास्तर, वह्या घेऊन, विसरलेलं वाक्य पुरवायला. मी दोघांनाही पाहत होते. मास्तरचे डोळे चमकले. तो पुढे वाकला आणि त्यानं आपल्या चुलत्याला वाक्य पुरवलं. पेटीवाल्यांनी ते झेललं.

"आमची पेटी नीटच हाय. तुमी उभं ऱ्हायलात आन् गळा तेवढा बसला, त्याला आमी काय करावं?"

आता टाळ्या तिकडून पडल्या. हात खाली आला होता. मास्तर तोंडावर उपरणं धरून हसत होता, आनंदानं, स्वतःवर खूष होऊन. आत्या त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात पारखून घेतलेली वस्तू घरी येऊन उघडावी आणि आत किडकी निघावी, तशी ती पाहत होती. पुढं म्हाताऱ्यांचं किती वेळ चाललं कोण जाणे. माझ्या टाचेवर मुंग्या चढल्या, पाळक डोळे उघडून खाली बसले, मागच्या बाकांवरून कुणीतरी 'लई ब्येस' म्हणून ओरडलं. शेवटी आत्यानं दोरी सोडली. पडदा दोघांच्या टाळक्यावरच आला.

घरी आजोबा जेवताना आपलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. आत्या वाढत होती. त्यांनी विचारलं, "ऐकलंस का गं, कसं टाकलं?"

"ऐकलं, दादा," ती म्हणाली, "तेवढ्यासाठी मी सहा वर्षं थांबले होते."

आजोबांनी भाकरी मोडली. त्यांना खरंच काही कळलं नाही. मास्तर आठवड्यानं भेटायला आला तेव्हा आत्या बाहेर आली नाही. निरोप आत न्यायला मीच होते. निरोपातही एक कोटी होती. मला त्याची किळस आली. त्या पावसाळ्यात आत्या नगरच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला गेली. मास्तरनं पुढं मिरजगावकडची मुलगी केली. गावात म्हणायचे की पोरगी गर्विष्ठ, म्हणून राहिली. नाटकाचं मात्र सगळ्यांना कौतुक. किती वर्षं लोक ती दोन वाक्यं एकमेकांना ऐकवत होते.

आजोबा गेले तेव्हा लढाई संपून स्वराज्य आलं होतं. त्यांना चर्चमध्ये ठेवलं, पेटी उघडी. आत्या नगरहून आली होती, पांढऱ्या साडीत, आणि त्यांची मान, हात नीट करत होती. तेवढ्यात पेटीवाले काठी टेकत आले. मंडळीनं वाट दिली. त्यांनी वाकून आजोबांचा हात धरला आणि मोठ्यानं रडले. पाळकांनी उभं राहून प्रार्थना केली, दोन्ही घरांचा समेट झाला म्हणून देवाचे आभार मानले. बायका डोळे पुसू लागल्या. मास्तरही उभा होता, त्यानंही पुसले. पाळक आत्याला म्हणाले, बाई, तुझ्या डोळ्यांदेखत हात दिला गेला.

आत्यानं पेटीवाल्यांच्या मुठीतून तो हात हळूच सोडवला.

"आमच्या दवाखान्यात रोज बघते," ती म्हणाली, "मेलेल्याचा हात कुणीही धरतं."

मग तिनं तो हात छातीवर ठेवला आणि वरून चादर सारखी केली.