धबधब्याच्या माथ्यावरचे खूर

आधीच सांगतो, मी फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस आहे, पोरासोरांना घाबरवायला लिहीत नाही. माण तालुक्यातला धनगर मी. लहानपणापासून उघड्या माळावर मेंढरांत झोपलो, पण भूतबीत कधी दिसलं नाही. असलं काही सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो... तरी ही गोष्ट घडली, आणि माझ्याच पायाखाली घडली.

स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. आमची पलटण पार उत्तरेला, देवदाराच्या जंगलात होती. हिवाळ्यात रविवारी साहेब आम्हाला पायाला लांब फळ्या बांधून बर्फावर घसरायला शिकवायचा. लय पडलो, पण शेवटी साताऱ्याची पोरंच सगळ्यात पुढं! त्या रविवारी मात्र आम्ही सात जण गोठलेले धबधबे बघायला चालत निघालो. दोन बघितले. तिसऱ्याच्या माथ्यावर पोचलो आणि बर्फ पडायला लागला. आलेली वाट बुजली. कॅम्प गाठायचा तर ओढा ओलांडणं भाग होतं, पण ओढा कुठं आणि जमीन कुठं, काहीच कळेना. पाय चुकला की बर्फ फुटून थेट कड्याखाली!

फलटणकडचा शंकर, ऊसवाल्या बागायतदाराचा पोरगा, मला कायम चिडवायचा. म्हणाला, "मेंढक्या, तूच हो की रं म्होरं. न्हाईतरी सारा जन्म मेंढरांच्या मागंच चाललायस!"

मी पुढं झालो. आणि समोर बर्फात खूर उमटलेले दिसले... ताजे, मेंढराचे! त्या रानात चिटपाखरू नव्हतं. त्यात डाव्या पुढच्या पायाचा खूर फाकलेला — आमच्या घरच्या एडक्याचा अगदी तसाच होता. नदी ओलांडताना आमच्यात एडका आधी पाण्यात घालतात, कळप त्याच्या मागनं जातो. मी विचारच केला नाही. "माझ्या पावलावर पाऊल टाका!" असं ओरडलो आणि खुरांवरनं चालत सुटलो. वाट वाकडीतिकडी, पण दर पावलाला खाली दगड लागत होता.

पलीकडं पोचल्यावर शंकरनं बाजूला काठी मारली. बर्फ फुटला, खाली पाणी धडधडत कड्याकडं चाललेलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"खूर बघितलंस का?" मी विचारलं.

"कसलं खूर?"

मागं बघतो तर नुसते बुटांचे ठसे. पुढं मी एकटाच होतो, आणि मीच ते खूर तुडवले होते. शंकरनं माझा खांदा धरला. "तू चल गड्या, आमी येतो मागनं," एवढंच म्हणाला.

सुट्टीत घरी गेलो तर एडका धडधाकट. हा मधी कुठं गेला होता का, असं मी आबांना, म्हणजे वडलांना, विचारलं. "कळप सोडून कुठं जातोय त्यो!" ते म्हणाले. त्या बेट्यानं माझ्याकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

ते खूर कुठनं आले, मला आजतागायत उलगडलेलं नाही. पण सहा आयांची सहा पोरं त्या दिवशी पलीकडं नेली ती धनगराच्या पोरानं, हे छाती ठोकून सांगतो.