नगर ते सोलापूर, पन्नास मिनिटे

काम थोडे आणि आभाळ फार, अशा कचेरीत किस्से आपोआप साठतात. ऐकायला माणसे नसली की जरा अधिकच. गणितात एम.ए. झाल्यावर, युद्धाच्या काळात, नगरबाहेरच्या माळावरील धावपट्टीच्या कचेरीत मी नोकरीस लागलो. तिथून सोलापूरची धावपट्टी सरळ रेषेत सुमारे सव्वाशे मैल. वारा पाहून विमानाला किती वेळ लागेल, हे वैमानिकाला लिहून देणे, एवढेच माझे काम. सोलापुरास माझी आई एकटी राहत असे. दौंडला गाडी बदलून जायचे तर दिवस मोडे, आणि सुट्टी रविवारची, एकच! दोन वर्षे मी घरी गेलो नव्हतो.

*

पहिल्याच दिवशी मी उत्तर लिहिले : एकोणपन्नास मिनिटे, सदतीस सेकंद.

वैमानिक फडणीस कागदाकडे पाहत राहिले. "सेकंद कशाला हो? तिथं घड्याळ धरून माझी वाट कोण बघतंय?"

तेव्हापासून मी पूर्ण मिनिटेच लिहू लागलो.

*

धावपट्टीवरची गुरे हाकण्यासाठी सखाराम होते, शेजारच्या वाडीचे, वयाने वडीलधारे. नकाशावर पट्टी ठेवलेली पाहून ते म्हणाले, "सायेब, मधी सीना हाय, वढं हाय. त्ये कुटं मोजलं?"

"विमानाला नदी लागत नाही, सखाराम."

"गावबी न्हाई?"

"नाही."

"मंग वाटंत त्या मानसाला पानी कोन इचारतं?"



*

आमचे हेडक्लार्क दामले. विमान पोचल्याची तार येईपर्यंत डबा उघडायचा नाही, हा त्यांचा कडक शिरस्ता. एकदा चार वाजले तरी तार नाही! मी भीतभीत म्हणालो, "साहेब, गणिताप्रमाणे विमान साडेबारालाच उतरले आहे."

"गणित उतरलं असेल. माणूस उतरलाय का?"

सव्वाचारला तार आली. विमान साडेबारालाच उतरले होते. तिकडचा तारमास्तर जेवायला गेला होता!

*

एकदा सोलापूरला एक नाजूक वायुभारमापक पोचवायचा होता. दामल्यांनी हुकूम लिहिला : 'यंत्र मांडीवर घेऊन जावे, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने परतावे.' खाली माझे नाव. कागद माझ्या हाती देत ते म्हणाले, "आईंना नमस्कार सांगा."

यंत्र धावपट्टीवर सुपूर्द करून मी टांग्याने घर गाठले. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"अगबाई, वसंता! कुठल्या गाडीनं आलास रे?"

"गाडीने नाही, आई. विमानाने! नगरहून इथवर बरोबर पन्नास मिनिटे!"

तिचा हात सुपात थांबला. "पन्नास मिनिटं?"

"अगदी मोजून."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

"इतका जवळ होतास होय रे!"