दाजींचे रुपये आणि आमची गोपनीयता

क्रिप्टो चलन ठेवायचं एक फुकट ॲप आहे. ते कुठल्या कंपनीचं नाही. त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि देशोदेशीची आमच्यासारखी हौशी माणसं तो लिहितात. मी सांगलीत विश्रामबागला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मानवजातीचं असं भलं करतो.

त्यात शिलकीची रुपयांतली किंमत दिसायची, ती मध्यंतरी आम्ही काढून टाकली. भाव बाहेरच्या सर्व्हरवरून यायचा, म्हणजे तुम्ही ॲप कधी उघडलं हे त्या सर्व्हरला कळायचं. आम्हाला ते सहन होईना. काम मी केलं आणि भरपूर शाबासकी मिळवली.

दिवाळीत कोरेगावला बहिणीकडे गेलो. दाजी फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा परदेशातला मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्यांना अधूनमधून क्रिप्टो पाठवतो. ॲप अर्थातच मी बसवून दिलेलं. दाजींनी फोन पुढं केला.

“पाव्हणं, नुसती पॉइंटाफुडं शून्यं दिसत्यात. रुपयं कुठं गेलं?”

“तुम्ही ॲप कधी बघता ते कुणाला कळू नये, म्हणून काढले.”

“पर मी तर समद्या गल्लीला दावतो की.”

मी फराळाचं ताट जवळ ओढलं.

“पोरीकडनं तक्रारबी टाकली व्हती,” दाजी म्हणाले. “कुण्या शहाण्यानं लिवलं, हा दोष न्हाई, माहिती वाचा. आन् तक्रार बंद.”

मी फोनवर ती तक्रार शोधली. शहाणा मीच होतो.

“असतात काही माणसं अशी,” मी म्हणालो आणि चकली घेतली.

परत आल्यावर मी, ज्याला हवेत त्याला रुपये दिसावेत, एवढी सोय लिहिली. लिहायला एक दुपार लागली, चर्चेला अडीच महिने. एकाचं म्हणणं, लोकांनी रुपयांत विचार करणंच सोडावं. दुसऱ्यानं विचारलं, हे मागतंय कोण? ‘माझे दाजी’ असं लिहून मी पुसून टाकलं. अखेर सोय मंजूर झाली, पण मुळात बंद ठेवलेली आणि सेटिंगच्या चौथ्या पानावर.

मी दाजींना अभिमानानं फोन केला.

“आवं, त्ये ॲप कवाच काढलं,” ते म्हणाले. “पोरीनं दुसरं घालून दिलंय. रुपयं ह्ये एवढ्या मोठ्या अक्षरांत. फकस्त नाव, पत्ता, फोटू समदं मागून घेतलं त्यांनी. लय चांगली माणसं हायती. दोनदा चौकशीचा फोनबी आला.”