सदाफुलीचा फोटो

डेव्हिडचा मेसेज आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. आई गेली, झोपेतच गेली, तू पाठवलेला फोटो शेवटपर्यंत तिच्या उशाशी होता, असं त्याने साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. हिवाळ्यात तो तिची मूठभर राख घेऊन येणार होता, आपल्या बहिणीशेजारी, रूथशेजारी ठेवायला. मी फोन पालथा ठेवला आणि पोरांना म्हटलं, वाचा मनातल्या मनात... तो फोटो रूथच्या जागेचा नव्हता. तो माझ्या बुलढाण्याच्या घराच्या अंगणातला होता.

त्याची आई म्हणजे आमची मडम. नाव इंग्रिड, देश नॉर्वे, पण धामणगाव बढ्याजवळच्या आमच्या गावात तिला सगळे मडमच म्हणायचे. नवरा पादरी. तो मोटारसायकलवर गावोगावच्या बाजारांत जाऊन देवाचं सांगायचा. लोक चहा पाजायचे आणि आपल्या वाटेने जायचे. मडम मागे राहायची. फोडं-जखमा बांधायची, बाळंतिणींकडे जायची, माझ्या मायकडून भाकरी थापायला शिकायची. मराठीही ती बायकांकडूनच शिकली, त्यामुळे बोलायची आमच्यासारखीच. बढ्याच्या बाजारात एकदा वांगेवाल्याने तिला छेडलं, "मडम, तुमच्या देशात वांगे नाही होत काय?" "नाही होत बे," ती म्हणाली, "म्हणून काय किडके घेऊ?" सगळा बाजार हसला. स्वतःच्या डेव्हिडला मात्र तिने सहाव्या वर्षी लांबच्या डोंगरावरच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. तो वर्षातून दोनदा यायचा आणि पहिले दोन दिवस तिच्याशी बोलायचाच नाही. आपलं पोर परकं करून दुसऱ्याची सांभाळते, असं बायका तिच्यासमोरच बोलायच्या. तिला सगळं समजायचं. ती पट्टी बांधत राहायची.

रूथ माझ्याच वयाची. आम्ही पाच वर्षांच्या असताना तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. गावात त्यांच्यासाठी दफनाची वेगळी जागा नव्हती. त्यांच्या बंगल्याचं आवार आणि आमचं शेत यांच्यामधल्या रुंद धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली, माझ्या बाबांनी स्वतः खड्डा खणला. बंगल्यात चूल पेटली नाही म्हणून मायने तीन दिवस पिठलं-भाकर नेली. चौथ्या दिवशी मडम आमच्या दारात आली. "रूथची खुर्ची रिकामी आहे," ती मायला म्हणाली, "हिले पाठवत जा." अशी माझी इंग्रजी सुरू झाली. आमच्या घराण्यात मी पहिली बी.ए., हे मी अजूनही सगळ्यांना सांगते. ते कोणाच्या खुर्चीवर बसून झालं, हे सांगायचं राहून जातं.

दर रविवारी मडम खराटा आणि निळ्या काठाचा एनॅमलचा मग घेऊन धुऱ्यावर जायची. दगडांची रांग झाडायची, सदाफुलीला पाणी घालायची. म्हातारपणी दोघं नॉर्वेला परत निघाली तेव्हा माझं लग्न होऊन मी बुलढाण्याला शाळेत लागले होते. निरोपाला गेले तर तिने तो मग माझ्या हातात दिला. "जमलं तर पाणी घाल. नाही जमलं तर नुसतं पाह्यत जा." मी हो म्हटलं. केवढ्या तोऱ्यात म्हटलं! मी शिकलेली, मी नाही तर कोण करणार?

त्यानंतर दोनेक वर्षांत गावात बीटी कपाशी आली. पहिली वर्षं बोंडं अशी लगडली की लोकांनी ज्वारी सोडली, गोठ्यामागची जागासुद्धा पेरली. मग पावसाने ताण द्यायला सुरुवात केली, पुढे अळीने बीटीलाही जुमानलं नाही. जेवढं हातचं जाईल तेवढं एखादं तास, पेरणीची एखादी ओळ, जास्त पेरायचं, एवढाच उपाय माझ्या भावाला, गजाननला, दिसत होता. बंगल्याचा नवा मालक शहरात. त्या बाजूने पाहणारं कोणी नव्हतं. एका दिवाळीला गेले तर रूथचा लाकडी क्रूस उधईने पोखरून पडलेला. पुढच्या वर्षी सावली पडते म्हणून निंब तोडलेला. मग दगड हलले, आणि धुरा दरसाल एकेका तासाने बारीक होत गेला. मी पाहिलं आणि गप्प बसले. लेकीने माहेरच्या धुऱ्याचं काढलं की ती हिस्सा मागायला आली असं धरतात. मला माहेरची साडी हवी होती, भावाचं हसतं तोंड हवं होतं. नंतर नंतर मी शेताकडे जाणंच सोडलं.

मडमचं पत्र मात्र दर नाताळाला यायचं. रूथकडे फुलं आहेत का? मी चांगल्या वळणदार इंग्रजीत लिहायची, आहेत, दगडांना चुनाही दिला आहे. एकदा तिने फोटो मागितला. मी अंगणातल्या सदाफुलीशेजारी दोन दगड मांडले आणि फोटो काढला. तिचं उत्तर आलं, 'दगड बदललेले दिसतात. तू किती करतेस.'

मडम गेल्याचं कळल्यावर दोन आठवड्यांनी राखीला माहेरी गेले. पर्समध्ये तिचा मग होता. इतकी वर्षं मी त्यात पेनं ठेवायची. राखी बांधून झाल्यावर मी गजाननला म्हटलं, शेतात चल, रूथची जागा दाखव. त्याचा चेहरा उतरला. "ताई, म्या एकदम नाही घेतलं. दरसाल एकच तास घेतलं." मीही दरसाल एकच पत्र लिहिलं होतं.

कापूस कमरेएवढा होता, बायांचं निंदण चाललं होतं. गजानन या तासातून त्या तासात फिरला. त्याला जागा सापडेना. तेव्हा म्हाताऱ्या शेवंताबाईने बसल्या जागेवरून विळ्याने दाखवलं, "तिकडं काय पाह्यता? ते इथं हाय न." कापसाच्या दोन झाडांमध्ये सदाफुली होती. तीन-चार रोपं, गुलाबी फुलांची, आजूबाजूचं तण स्वच्छ काढलेलं.

"हे ठेवलं कोणी?" मी विचारलं.

"कोणी काऊन ठेवन? आमी उपटत नाही, बस. माही सासू सांगे, मडमच्या पोरीचं हाय, विळा लावू नका."

इतकी वर्षं ती तिथेच फुलत होती. मी एकदा चालत आले असते तर खरा फोटो निघाला असता...

गजानन खाली वाकला आणि पात्यांनी, कोवळ्या कळ्यांनी भरलेली कापसाची सहा-सात झाडं त्याने हातांनीच उपटली. मी त्याला नको म्हटलं नाही. घरी येऊन डेव्हिडला सगळं लिहिलं. धुरा, पत्रं, अंगणातले दगड, सगळं. त्याने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या आहेत. उत्तर नाही. तो येईल की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवशी शेतातून निघताना विहिरीवरून तो मग भरून आणला आणि रोपांना घातला. जमीन आधीच चिंब होती, पाणी वर नुसतं साचून राहिलं. शेवंताबाईने मान वर करून पाहिलं.

"पावसायात काय पाणी घालता बाई? उन्हायात यायचं असते."

पेनं आता टेबलावर अशीच पडलेली असतात. तो मग मी धुऊन दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवला आहे. उन्हाळा अजून लांब आहे.