आतून ऐसपैस

गाडी ही आतून बघायची वस्तू आहे, बाहेरून नव्हे, हे साऱ्या पिंपरी-चिंचवडात एकट्या माझ्या मामेसासऱ्यांना कळलेलं आहे. हल्ली त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो, पण माणूस मुळात हसण्याचाच विषय. मामा भोसरीच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन एमआयडीसीत गेली आणि मामा तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायला लागले. उभा जन्म मावत नाही ते रॅकमध्ये बसवून दाखवण्यात गेला आणि त्यातूनच हे दुखणं जडलं असावं. कुणीही नवी गाडी घेतली की बाकीचे रंग बघतात, ॲव्हरेज विचारतात. मामा मागचं दार उघडतात, चपला बाहेर काढतात, आत बसतात आणि गुडघ्यापासून पुढच्या सीटपर्यंत वीत लावतात. मग डोक्यापासून छतापर्यंत. मग खाली उतरून, कंबरेतून वाकून, गाडीला बाहेरून वीत लावत पूर्ण प्रदक्षिणा घालतात. मामा आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, आणि आमच्या सोसायटीच्या वॉचमनला आधी वाटलं होतं की हा म्हातारा गाड्यांवर करणी करतोय.

माझ्या गाडीची पूजा झाली त्या दिवशी तर त्यांनी कहरच केला. चांगली लांबरुंद, ऐटबाज गाडी घेतली होती मी. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि मामा मागच्या सीटवर बसून वीत लावू लागले. "जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "गाडी नुसती नाकानं लांब हाय. रस्त्यावर एवढी जागा अडवायची, आन आत बायकापोरं आवळून बसवायची, ह्याला काय अर्थ हाय?" मी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. वाईट याचं वाटतं, की तेव्हापासून मी मागे बसलो की माझेही गुडघे पुढच्या सीटला लागतात. एका भाचीचं ठरत आलेलं लग्न तर त्यांनी मुलाच्या गाडीची डिकी बघून मोडायला काढलं होतं. डिकी प्रशस्त आणि मागची सीट चिंचोळी, म्हणजे पोराला सामानाची काळजी जास्त आणि माणसांची कमी, असं त्यांचं म्हणणं. लग्न झालं. मामा जेवायला बसले नाहीत.

त्यांची स्वतःची गाडी जुनी, आखूड आणि उंच, मिठाईचं खोकं उभं ठेवावं तशी. शेजारच्या गाड्यांच्या मध्ये ती लावलेली पटकन दिसायचीसुद्धा नाही. पण त्याच गाडीतून एकदा पाच आत्या, भांड्यांचं खोकं आणि हळद दळायचं दगडी जातं एका खेपेत कार्यालयात पोचलं, आणि त्यातल्या सर्वांत थोरल्या आत्या वाटेत घोरत होत्या. या सगळ्या मांडामांडीच्या कारभारीण मामी. त्या पुढे, मामांच्या शेजारी बसायच्या आणि मान वळवून मागच्यांना दटावायच्या, "सरका की वं जरा, हवा खायाला आलाय का?"

त्याच मामी बाथरूममध्ये पडल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण पाय पुन्हा वाकला नाही. काठीसारखा सरळ राहिला तो राहिलाच. त्याच सुमाराला त्या विसरायलाही लागल्या. सकाळी चहा घेतलेला दुपारपर्यंत आठवायचा नाही. एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात होती, ती म्हणजे माहेर. "एकदा मला चऱ्होलीला न्या, मग मी कायबी मागनार न्हाई," एवढंच त्या दिवसभर म्हणायच्या. लिफ्टमधून व्हीलचेअरवर त्यांना खाली आणता यायचं, पण पुढे काय? माझ्या गाडीत तो पाय दारातून वळेना. त्यांचा मुलगा मारुंजीहून त्याची दांडगी गाडी घेऊन आला. आम्ही तिघांनी धरून, उचलून, तिरकं करून बघितलं. मामी ओरडल्या आणि मग लहान मुलीसारख्या रडल्या. आम्ही त्यांना परत वर नेलं. लिफ्टमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी गॅरेजवाल्याकडून आपल्या गाडीची पुढची डावी सीट काढून घेतली. रिकाम्या जागेत फळी बसवली, फळीवर गादी घातली, म्हणजे मागे बसून पाय सरळ पुढे सोडता येईल. मग त्यांनी काय केलं असेल? स्वतःच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत लाकडी पट्टी बांधली आणि पार्किंगमध्ये दिवसभर गाडीत चढत-उतरत राहिले. पडले, उठले, परत चढले. मी गॅलरीतून बघून पोट धरून हसत होतो. संध्याकाळी ते खालूनच ओरडले, "जावईबापू, मावतंय! कुठं घासत न्हाई!" तेव्हा मला हसता येईना.

रविवारी आम्ही निघालो. मी मामांच्या मागे बसलो आणि माझ्या शेजारी मामी, नवं लुगडं नेसून, पाय फळीवर सोडून. खड्ड्यात गाडी आदळली तरी त्यांना कळ आली नाही. आरशात मामांचा चेहरा दिसत होता. इतका खूश माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही. मोशीच्या चौकात गाड्या हलेनात, तरी मामी कुरकुरल्या नाहीत. आणि मग चऱ्होली आली. म्हणजे टॉवर आले, फ्लॅटच्या जाहिरातींचे फलक आले, मामींच्या भावाच्या शेताच्या जागी कारंजं असलेलं बुकिंग ऑफिस आलं. भाऊ कुणाला न कळवता केव्हाच विकून निघून गेला होता. मामा वर्षानुवर्षं गाड्यांच्या आत बघत आले होते, बाहेर काय झालंय इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मामींनी काचेतून बराच वेळ बघितलं. "ही कुठली चऱ्होली? तुमी मला भलतीकडंच आनलं."

"अगं हीच. ते बघ देऊळ," मामा म्हणाले.

देवळाला नवा रंग दिला होता. "न्हाई," मामी म्हणाल्या. "आमच्या चऱ्होलीत एवढी मानसं कुठं हायती? चला, मला माझ्या गावाला न्या." परत येताना त्या रडत होत्या आणि मामा एकेक खड्डा चुकवत गाडी चालवत होते. मला त्या दिवशी कुणाचा तरी फार राग आला होता. कुणाचा ते अजून नीट सांगता येत नाही.

सकाळपर्यंत मामी सगळं विसरल्या आणि पुन्हा तयार होऊन बसल्या, चऱ्होलीला जायचं म्हणून. मामांनी त्यांना आणखी दोनदा नेलं, दोन्ही वेळा तेच झालं. आता ते नेत नाहीत. रोज संध्याकाळी मामींना खाली आणतात, पाय फळीवर सोडून, पाठीला उशी देऊन गाडीत बसवतात, स्वतः स्टिअरिंगपाशी बसतात आणि गाडी तिथेच, बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, भिंतीकडे तोंड करून उभी असते.

काल कामावरून येताना मी त्यांच्या खिडकीपाशी थांबलो. मामींचे डोळे अर्धवट मिटले होते. वर ट्यूबलाइट लागली होती.

"आवं, आली का चऱ्होली?" त्यांनी विचारलं.

मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे. "न्हाई अजून. मोशीला ट्रॅफिक लय हाय. पड तू निवांत."

"असू द्या," मामी म्हणाल्या. "उजेड हाय अजून."