मामांनी उलटी लावलेली कार्डं

मामांच्या हातून पिंजऱ्यांची अदलाबदल कधीच झाली नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची खोली सांभाळणाऱ्या मदतनिसाला सगळेच मामा म्हणायचे. त्यांच्या मुठीत उंदीर धडपडायचा थांबे. ते त्याच्याशी मालवणीत पुटपुटत आणि मी सुई टोचायचो. छातीच्या हाडामागे थायमस नावाची इवलीशी ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी तिथे तयार होऊन शरीरभर जातात. त्या ग्रंथीत चमकणारा हिरवा रंग सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी प्लीहेतल्या हिरव्या पेशी मोजायच्या. त्या नुकत्याच ग्रंथीतून निघालेल्या. पण सुई जरा हुकली, की रंग रक्तात सांडतो आणि कधीच्या बाहेर पडलेल्या पेशीही हिरव्या होतात.

मामांची नजर माझ्या हातावर असे. सुई हुकली की ते पिंजऱ्यावरचं कार्ड उलटं लावत. "झिला, हो उंदीर उद्या खोटो बोलतलो." तो उंदीर बाद.

शेवटच्या खेपेला आठांपैकी तीन कार्डं उलटी होती. नवे उंदीर मिळायला दोन महिने, आणि माझी प्रबंधाची मुदत संपत आलेली. मामा जेवायला गेले तेव्हा मी तिन्ही कार्डं सुलटी केली. आकडे सुरेख आले. छापूनही आले.

वर्षभराने माझ्या मार्गदर्शक सरांनी तोच प्रयोग माझ्याकडून पुन्हा करवून घेतला, आकडे जुळेनात. मी म्हणालो, या वेळी मामांकडून पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असेल. मामा दारातच होते. माझ्याकडे बघत राहिले, मग सरांना म्हणाले, "वय झाला सायबा. झाला असात."

त्यांना काचसामान धुवायला बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. मी दिसलो की जेवलास काय म्हणून विचारायचे. मी घाईत असल्यासारखा निघून जायचो.

आता ते लालबागला मुलीकडे असतात. हल्ली ते माणसं विसरतात म्हणे. दोनदा त्यांच्या जिन्यापर्यंत जाऊन परतलोय. इकडे माझी विद्यार्थिनी माझ्या त्याच आकड्यांशी आपले आकडे ताडून बघतेय. रोज विचारते, "सर, माझाच हात चुकतोय का?" आणि मी म्हणतो, परत करून बघ.

तुझा हात चुकत नाही, हे तिला सांगायचं आहे. ज्यांनी ते आकडे छापले त्यांना पत्र लिहायचं आहे. आणि मामा मला ओळखतात तोवर, त्यांच्या मुलीसमोर, कार्डं मी सुलटी केली हे बोलायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.